ली हुआ अजून बारावीतच आहे

आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात पत्र लिहायचं असलं की स्वतःचं नाव घालायला मनाई असते. अमोल किंवा अमृता जोशी आहोत असं समजून लिहायचं. चीनमध्ये या अमोल-अमृताला ठरलेलं नाव आहे: ली हुआ. गेली पंचवीस-तीस वर्षं तो बारावीच्या इंग्रजी पेपरात पत्रं लिहितोय. कधी परदेशी मित्राला एखादा चिनी सण समजावून सांगतो, कधी पाहुण्या शिक्षिकेला कार्यक्रमाचं आमंत्रण देतो. तो मुलगा की मुलगी हेही कुणी सांगितलेलं नाही, दोन्ही चालतं. त्याच्याबरोबर परीक्षेला बसलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना परीक्षा केंद्रावर सोडायला येतात, ली हुआ मात्र अजून बारावीतच.

२०२३ च्या जूनमध्ये त्याच्यापुढे वेगळंच काम होतं. रायन नावाचे परदेशी सर वर्गातल्या मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या लावणार होते, कशाही, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. वर्गाबाहेर इंग्रजी बोलायचा सराव व्हावा म्हणून. ली हुआला ही पद्धत पटलेली नाही. तर सरांना साधारण ८० शब्दांचं पत्र लिहून अडचण सांगा आणि उपाय सुचवा. गुण १५.

इंग्रजी बोलायचा सराव कसा करावा यावर पत्र लिहायचं, पण ज्या परीक्षेत ते लिहायचं त्या परीक्षेत देशातल्या बहुतेक मुलांना तोंडातून इंग्रजीचा एक शब्दही काढायचा नसतो. चीनची इंग्रजी परीक्षा कळून घ्यायची तर ही विसंगती धरूनच आत शिरलेलं बरं.

दरवर्षी जूनमध्ये आपल्या वर्तमानपत्रांत या परीक्षेचे फोटो येतात. केंद्राबाहेर ताटकळणारे आईबाप, शुभ म्हणून लाल छिपाओ, म्हणजे पारंपरिक चिनी झगा, घातलेल्या आया. आणि वर्ष-दोन वर्षांनी उलट टोकाची बातमी येते, ‘चीननं इंग्रजी हद्दपार केली’. दोन्ही वाचून डोक्यात गोंधळ उरतो. म्हणून हा लेख.

गाओकाओ म्हणजे काय

चीनमध्ये बारा वर्षांचं शिक्षण संपलं की विद्यापीठ प्रवेशासाठी जी परीक्षा होते तिला गाओकाओ म्हणतात. शाळा पूर्ण झाल्याचा दाखला देणारी परीक्षा वेगळी असते, पण तिच्यासाठी कुणी रात्री जागवत नाही. जागरणं होतात ती गाओकाओसाठी. ७ आणि ८ जूनला मुख्य पेपर होतात, काही प्रांतांत आणखी एक-दोन दिवस. २०२४ साली १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. महाराष्ट्राच्या बारावीला चौदा-पंधरा लाख मुलं बसतात. म्हणजे आपल्या नऊ बारावी एकाच वेळी, आणि त्याही सीईटी पोटात घेऊन.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे शिकायच्या वयातल्या पोरांना शेतावर-कारखान्यात धाडलं गेलं तेव्हा, ही परीक्षा बंद होती. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख लोक बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास जागा मिळाल्या. शेतावर, कारखान्यात दहा-दहा वर्षं घालवलेली माणसं त्यात होती. या परीक्षेबद्दल चिनी घरांत जो जवळजवळ देवाधर्मासारखा भाव आहे, त्याचं मूळ त्या वर्षात आहे. वशिला नाही, ओळख नाही, पेपर लिहा आणि जा. हा भरवसा टिकवणं सरकारला किती महत्त्वाचं वाटतं ते पुढे दिसेलच.

इंग्रजी तिथं सुरुवातीला पाहुणी होती. गुण मोजायचे, पण पूर्ण धरायचे नाहीत, अशी चाचपडत सुरुवात झाली. १९८० ला ३० टक्के, १९८१ ला ५० टक्के, १९८२ ला ७० टक्के आणि १९८३ पासून पूर्ण. आज बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुण असतात. त्यात चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि परकीय भाषेला १५०. म्हणजे मातृभाषा आणि इंग्रजी एकाच पायरीवर. हे चिनी राष्ट्रवाद्यांना जितकं खुपतं तितकंच खेड्यातल्या शिक्षकांनाही जड जातं.

परकीय भाषा म्हणजे इंग्रजीच असं नाही हं. जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी कुठलीही चालते. यातल्या जपानीकडे आपण परत येणार आहोत.

दोन तासांत काय काय

८ जून, दुपारी तीन ते पाच. आज बहुतेक प्रांतांत जो नवा नमुना चालतो त्याची बेरीज अशी: ऐकण्याला ३० गुण, वाचनाला ५०, शब्द आणि व्याकरणाला ३०, लेखनाला ४०.

सुरुवात ऐकण्यानं होते. ध्वनिफीत लागते आणि २० प्रश्न सोडवायचे. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. या वेळात केंद्राच्या आसपास बांधकामं थांबवतात, हॉर्नला बंदी असते. आपल्याकडे बारावीच्या दिवशी लग्नाचा बँड शाळेसमोरून गेला तरी कुणी काही म्हणत नाही, म्हणून हे वाचताना मला हेवा वाटतो. प्रश्नपत्रिकेच्या कपाळावर ‘अतिगोपनीय’ असं छापलेलं असतं आणि ते शोभेचं नाही. २०१५ च्या नोव्हेंबरपासून राष्ट्रीय परीक्षेत संघटित कॉपी घडवून आणणं हा फौजदारी गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत तुरुंगवास.

मग उतारे. मग गाळलेल्या जागा: एका गोष्टीतले पंधरा शब्द काढलेले, प्रत्येकाला चार पर्याय. मग व्याकरणाच्या दहा जागा, तिथं पर्याय नसतात. २०२३ ला त्या उताऱ्याचा विषय होता शाओलोंगपाओ, म्हणजे आत रस्सा असलेले वाफवलेले मोमो. चिनी खाद्यपदार्थाचं वर्णन इंग्रजीत वाचायचं आणि क्रियापदाचं रूप बरोबर भरायचं. कुणी पुरणपोळीवर असा उतारा घातला तर आपली पोरं निदान भुकेनं तरी वाचतील.

हिशेब केला तर १५० पैकी ९५ गुण पर्याय निवडून, पेन्सिलीनं चौकोन काळे करून मिळतात. उरलेले ५५ स्वतःच्या हातानं लिहून.

या ५५ मधला २५ गुणांचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. त्याला ‘वाचून पुढे लिहा’ म्हणू. एक अर्धवट गोष्ट देतात, साडेतीनशे शब्दांच्या आसपास. पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं देतात. ती धरून दीडशेक शब्दांत गोष्ट पूर्ण करायची. झेजियांग प्रांतानं २०१६ साली हा प्रश्न पहिल्यांदा वापरला, नंतर तो देशभर पसरला. २०२३ ची गोष्ट अशी होती: ब्राझीलहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातलं मूल. इंग्रजी त्याची दुसरी भाषा, म्हणून लेखन त्याला नकोसं. शिक्षक त्याला लेखनस्पर्धेत भाग घ्यायला सांगतात आणि ते आधी साफ नाही म्हणतं. मग अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला प्रसिद्ध घोडेस्वार पॉल रिव्हीअर याच्याऐवजी त्याच्या घोड्याची गोष्ट लिहायचं ठरवतं. पुढे परीक्षार्थीनं लिहायचं. पहिलं वाक्य दिलेलं: काही आठवड्यांनी, स्पर्धा जवळजवळ विसरायला झाली असताना बातमी आली. दुसरं दिलेलं: बक्षीस समारंभानंतर मी शिक्षकांच्या खोलीत गेलो.

इंग्रजीला घाबरणाऱ्या लाखो मुलांपुढे इंग्रजीला घाबरणाऱ्या एका मुलाची गोष्ट ठेवायची आणि म्हणायचं, आता पुढची तुम्ही सांगा. पेपर काढणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. यात घोकंपट्टी चालणार नाही, वाचलेलं समजलं असेल तरच पुढे लिहिता येईल, अशी त्यामागची कल्पना. क्लासवाल्यांनी यावरही तोड काढलीच. राग, भीती, आनंद, पश्चात्ताप अशा कप्प्यांत लावलेली अलंकारिक इंग्रजी वाक्यं मुलं पाठ करतात आणि गोष्टीत जिथं रडू येईल तिथं रडण्याचं वाक्य चिकटवतात.

थर्मामीटर आणि चाळणी

आता मुद्द्याची गोष्ट. परीक्षा दोन जातीच्या असतात आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो.

पोलीस भरतीचं मैदान आठवा. १६०० मीटर धावायचं असतं. तिथं उमेदवार तंदुरुस्त आहे का एवढंच पाहायचं असतं तर डॉक्टरांचा दाखला पुरला असता. पण जागा शंभर आणि पोरं पाच हजार. तेव्हा पळवायचं, सेकंद मोजायचे, रांग लावायची. एखादा मुलगा मागच्या वर्षीपेक्षा जोरात पळाला, पण या वर्षी बाकीचे त्याहून जोरात पळाले, तर तो घरी.

डॉक्टरांचा थर्मामीटर ही पहिली जात. तुमचा ताप १०१ आहे, शेजारच्या खाटेवर कुणाला किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. परदेशी शिकायला जाणारे आयईएलटीएस किंवा टोफेल देतात ती या जातीची. साडेसहा मिळाले म्हणजे तुम्हाला अमुक इतकं येतं, जगात कुठंही.

मैदान ही दुसरी जात, चाळणी. गाओकाओची इंग्रजी नखशिखांत चाळणी आहे. तिचं पहिलं काम आहे एक कोटी तेहेतीस-चौतीस लाख मुलांना एकामागे एक उभं करणं, आणि तेही अशा रीतीनं की कुणाला भांडता येऊ नये. विद्यापीठातल्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात, म्हणून ही रांग प्रत्येक प्रांताची वेगळी. एकेका गुणापाशी शेकडो मुलं उभी असतात. एका चौकोनाची किंमत एक ते अडीच गुण, आणि तेवढ्यात शहर बदलतं, कॉलेज बदलतं.

चाळणीला काय लागतं? भोकं सारखी हवीत. तपासणारा कोण आहे यावर गुण ठरता कामा नयेत. म्हणून चौकोन काळे करणं. म्हणूनच लिहिलेली उत्तरं स्कॅन करून संगणकावर दोन वेगवेगळ्या तपासनिसांना दाखवतात, एकाचे गुण दुसऱ्याला दिसत नाहीत, फार तफावत पडली तर तिसऱ्याकडे.

हेबेई प्रांतात हेंगशुई नावाचं शहर आहे. तिथली एक शाळा निकालासाठी देशभर गाजलेली. लातूर पॅटर्न म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते दसपट करा. तिथल्या मुलांचं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं असतं, गोल, सुटं, एका मापाचं. त्याला चीनमध्ये ‘हेंगशुई वळण’ असं नावच पडलंय आणि देशभरची मुलं ते गिरवतात, त्याच्या वह्या विकत मिळतात. कारण तपासनीस पडद्यावर शेकडो उत्तरं बघतो, त्याच्या दमलेल्या डोळ्याला सुबक अक्षर सुखावतं. तुम्ही म्हणाल, अक्षराचा आणि इंग्रजी येण्याचा काय संबंध? थर्मामीटरच्या जगात काहीच नाही. चाळणीच्या जगात भरपूर.

जपानीचंही तसंच. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे अशी बरीच मुलं अलीकडच्या वर्षांत अकरावी-बारावीत एकदम जपानीकडे वळली. जपानी लिपीत चिनी अक्षरं असतात, त्यामुळे अर्धी ओळख आधीपासूनच. शून्यापासून सुरुवात करून एक-दोन वर्षांत, कितीतरी वर्षं शिकलेल्या इंग्रजीपेक्षा जास्त गुण मिळतात, असा त्यांचा हिशेब. यातल्या फार थोड्यांना जपानला जायचं असतं.

मुकी इंग्रजी

चिनी लोकांनीच आपल्या इंग्रजीला ठेवलेलं नाव आहे: याबा यिंग्यू. मुकी इंग्रजी. वाचता येतं, व्याकरणाची चूक पकडता येते, तीन हजारांवर शब्द पाठ आहेत, पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की दातखीळ. आपल्याकडे ‘फाडफाड इंग्रजी’ची जाहिरात भिंतीभिंतीवर असते, त्याच्या बरोबर उलटा हा रोग.

परीक्षा शिकवण्याला आपल्या आकारात वळवते. अभ्यासक त्याला परीक्षेची उलट लाट म्हणतात: लाट किनाऱ्यावर आपटते आणि परत जाताना वाळू ओढून नेते, तशी शेवटच्या दिवशीची परीक्षा आधीच्या सगळ्या वर्षांचं शिकवणं आपल्याकडे ओढते. पेपरात जे नाही ते वर्गात नाही.

गंमत म्हणजे चीनच्या परीक्षकांनी ही लाट मुद्दाम चांगल्या दिशेनं वळवायचा प्रयत्न केला होता. १९८५ साली ग्वांगडोंगमध्ये भाषाशास्त्रज्ञ ग्वे शिछुन यांच्या पुढाकारानं नव्या पद्धतीची प्रमाणित इंग्रजी परीक्षा सुरू झाली, पुढे ती देशभर गेली. व्याकरणाचे नियम ओकण्याऐवजी भाषा वापरायला लावायची, म्हणजे शिक्षकही वापरायला शिकवतील, असा होरा होता. नंतर त्याच प्रांतातल्या संशोधक छी लूशिया यांनी वर्गांत जाऊन पाहिलं की झालं काय. पत्रलेखनाचा प्रश्न घालताना पेपर काढणाऱ्यांच्या मनात होतं की मुलांनी कुणाला लिहितोय, कशासाठी लिहितोय याचा विचार करावा. वर्गात ते गायब. तिथं शिकवत होते चुका टाळा, दिलेले मुद्दे सगळे आणा, अक्षर नीट काढा. पत्र कुणाला लिहायचंय? तपासनिसाला.

बारावीचं इंग्रजी शिकवणाऱ्या कुणाही मराठी शिक्षकाला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. दोष शिक्षकांचा म्हणावा तर तो अर्धाच आहे. आईबाप, मुख्याध्यापक, शिक्षक, सगळ्यांना गुण हवे असतात आणि भाषा वाढवणारा पेपर काढणारा तेवढा एकटा दुसऱ्या दिशेला ओढत असतो. रस्सीखेचीत कोण जिंकणार ते सांगायला नको.

मग तोंडी परीक्षा का घेत नाहीत?

हिशेब मांडू. प्रत्येक मुलाला दहाच मिनिटं द्यायची म्हटलं तरी १ कोटी ३४ लाख मुलांना २२ लाखांहून जास्त तास लागतात. एक परीक्षक दिवसाला आठ तास बसला, तर एका दिवसात उरकायला पावणेतीन लाखांहून जास्त परीक्षक हवेत. सगळ्यांचं इंग्रजी चांगलं हवं, सगळ्यांची मोजपट्टी एक हवी आणि एकाचाही भाचा त्या गावात नको. आपल्या बारावीच्या इंग्रजीत २० गुण लेखी परीक्षेबाहेरचे, कॉलेजच्या हातातले असतात. ते किती सढळ हातानं मिळतात हे आपण जाणतोच. चीनमध्ये तसं एक वर्ष झालं तर लोक रस्त्यावर येतील.

तरी काही प्रांतांनी वाट काढली आहे. माणसाऐवजी संगणक. ग्वांगडोंगमध्ये २०११ पासून ऐकणं-बोलणं संगणकासमोर होतं, हल्ली त्याला २० गुण आहेत. कानाला हेडफोन लावून मुलं चित्रफितीतल्या आवाजाबरहुकूम वाचतात, संवादात प्रश्न विचारतात आणि उत्तरं देतात, ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतात. या प्रांतात सात लाखांच्या वर मुलं असतात, तेव्हा जमतच नाही असं म्हणायची सोय राहत नाही. बीजिंगनं २०२१ च्या बॅचपासून १५० पैकी ५० गुण ऐकण्या-बोलण्याला दिले, तेही वर्षात दोनदा बसायची मुभा देऊन. शांघायमध्ये अशा परीक्षेला १० गुण आहेत.

दुसऱ्या टोकाला हेनान. प्रचंड लोकसंख्येचा हा प्रांत. इथं ऐकण्याचा विभाग पेपरात असूनही त्याचे गुण कितीतरी वर्षं एकूण बेरजेत धरत नसत. उरलेल्या १२० गुणांचं रूपांतर १५० मध्ये करायचे. चांगलं यंत्र, शांत खोली आणि नीट इंग्रजी ऐकवणारा शिक्षक खेड्यातल्या मुलाला मिळत नाही, मग त्या गुणांवर त्याचं भवितव्य कसं टांगायचं, हा त्यामागचा युक्तिवाद. बरोबर वाटतो ना? पण उलट लाटेची आठवण ठेवा. गुण नाहीत म्हटल्यावर ऐकायला शिकवणार कोण? मुलाशी न्यायानं वागायला गेलं की भाषेवर अन्याय होतो आणि भाषेला न्याय द्यावा तर खेड्यातला मुलगा मागे पडतो. मला तरी या पेचाचं सोपं उत्तर दिसत नाही.

दोनदा घेतली तर ताण कमी होईल की!

झेजियांगनं हेच केलं. इंग्रजी वर्षातून दोनदा, दोन्हींतले चांगले गुण धरायचे. एका दुपारी पोट बिघडलं म्हणून आयुष्य बिघडू नये. कल्पना उत्तम.

२०१८ च्या नोव्हेंबरमधला पेपर आधीच्या वर्षापेक्षा अवघड निघाला. आता दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळे पेपर झाले की प्रश्न येतो: अवघड पेपरातले १२० आणि सोप्या पेपरातले १२० सारखे कसे? आपल्या एमएचटी-सीईटीला हाच प्रश्न पडतो. ती कितीतरी सत्रांत होते, म्हणून तिथं गुण न देता पर्सेंटाइल देतात. झेजियांगच्या परीक्षा विभागानं वेगळा मार्ग काढला. पेपरातल्या काही अवघड प्रश्नांचं वजन वाढवलं. हेतू वाईट नव्हता, पण परिणाम पाहा. समजा दोघी मैत्रिणींनी सारखेच गुण मिळवले. एकीचे गुण वजन वाढवलेल्या प्रश्नांतून आले, ती वर सरकली. दुसरीचे बाकीच्या प्रश्नांतून आले, ती जागच्या जागी राहिली. आणि हे सगळं परीक्षा होऊन गेल्यावर ठरलं.

निकाल लागल्यावर पालक भडकले. मुलांनी आपापले अंदाजे गुण आणि मिळालेले गुण शेजारी ठेवून इंटरनेटवर टाकले. प्रांताच्या सरकारनं चौकशी बसवली. डिसेंबरमध्ये वाढीव वजन रद्द झालं, मूळ गुण परत दिले गेले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. आपल्याकडे नीटच्या वाढीव गुणांवरून २०२४ साली जे झालं ते आठवलं असेल, तर साम्य वेगळं सांगायला नको. लोक अवघड पेपर सहन करतात. न कळलेला हिशेब सहन करत नाहीत.

चीननं इंग्रजी काढून टाकली म्हणे?

नाही. पण अफवेला धुराइतकी आग नक्की आहे.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बीजिंगनं प्रस्ताव मांडला होता की इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणावेत आणि चिनीचे १८० करावेत. तो तसा अमलात आला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये देशाच्या राजकीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्यानं इंग्रजीचा मुख्य विषयाचा दर्जा काढावा अशी सूचना केली. शिक्षण मंत्रालयानं त्याला उत्तर देऊन इंग्रजीची जागा कायम ठेवली. त्याच वर्षी खासगी शिकवण्यांवर देशभर बडगा उगारला गेला आणि शांघायनं प्राथमिक शाळांच्या सत्रअखेर परीक्षांतून इंग्रजी वगळली. ‘हद्दपार’चे मथळे तेव्हाचे. परीक्षा गेली होती, तास चालूच होते.

२०२३ साली शीआनमधल्या एका नामांकित विद्यापीठानं जाहीर केलं की पदवीसाठी सीईटी-४ उत्तीर्ण होण्याची अट यापुढे नाही. ही आपली सीईटी नव्हे, १९८७ पासून चालत आलेली कॉलेजातली इंग्रजी परीक्षा. त्या बातमीवर चिनी समाजमाध्यमांत टाळ्या आणि काळजी दोन्ही उमटल्या.

वारा बदललाय हे खरं. २००१ साली तिसरीपासून इंग्रजी सक्तीची करायचं ठरलं तेव्हा चीन जागतिक व्यापार संघटनेच्या दारात उभा होता आणि त्याच वर्षी बीजिंगला ऑलिम्पिक मिळालं. साधारण त्याच सुमारास, २००० पासून, महाराष्ट्रानं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. दोन्हीकडे घाई एकाच भीतीतून आली होती, गाडी सुटेल या. आज चीनमध्ये ती भीती ओसरलीय, आपल्याकडे नाही. तरीही गाओकाओतले १५० गुण जागच्या जागी आहेत. बातमी वाचताना शाळेची परीक्षा, कॉलेजची परीक्षा आणि गाओकाओ यांत कुणाबद्दल लिहिलंय एवढं आधी पाहावं.

परदेशात हे गुण चालतात का?

चीनला स्वतःचा थर्मामीटरही हवा होता. २०१८ साली नऊ पायऱ्यांची राष्ट्रीय मोजपट्टी जाहीर झाली. पहिल्या तीन पायऱ्या प्राथमिक, मधल्या तीन मध्यम, शेवटच्या तीन प्रगत. शाळा संपवणारं मूल साधारण चौथ्या पायरीवर असावं अशी अपेक्षा. पुढच्या वर्षी आयईएलटीएसचे गुण या पायऱ्यांशी जोडून दाखवले गेले. पण खुद्द गाओकाओचा निकाल आजही पायरीत मिळत नाही, गुणांतच मिळतो. चाळणीला पट्टी बांधली तरी चाळणी चाळायचंच काम करते.

निंगबोमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाची शाखा आहे. तिथं शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि गाओकाओच्या इंग्रजीत १५० पैकी निदान ११५ असल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणजे वरच्या गुणांवर परदेशी विद्यापीठही विश्वास टाकतं. ब्रिटनच्या बर्मिंगहॅम विद्यापीठानं २०१९ मध्ये गाओकाओच्या एकूण निकालावर थेट प्रवेश द्यायचं ठरवलं. मात्र इंग्रजीचा पुरावा वेगळा मागितला.

म्हणून सव्वाशे-एकशे तीस मिळवलेली मुलगीही परदेशी जायचं ठरलं की आयईएलटीएसला बसते. ऐकणं, वाचणं, लिहिणं तिला नवं नसतं. मग अकरा ते चौदा मिनिटांची तोंडी परीक्षा येते. हेनानच्या एखाद्या तालुक्यातून आलेली असेल तर इंग्रजीत गुण देणारा माणूस समोर बसलेला ती पहिल्यांदाच पाहते. पर्याय नाहीत, पेन्सिल नाही, हेंगशुई वळणाचा उपयोग नाही. ध्वनिमुद्रण सुरू होतं आणि समोरचा माणूस हसून पहिला प्रश्न विचारतो: तुझं पूर्ण नाव सांग. इथं ली हुआ म्हणून चालत नाही.